वहिनीची दुपारची झोप

आमच्या दहिसरच्या चाळीतल्या खोलीत एकच खाट होती आणि ती माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या खाटेवरून झालं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कंपनीत मी पॅकिंगला होते. पहिल्या बोनसमधून ती लोखंडी खाट घेतली, हातगाडीवर घालून आणली आणि खिडकीखाली लावली. वडील गेलेले, घरात आई, मोठा भाऊ आणि मी. पहाटे उठून कामावर जाणाऱ्या मुलीने खाटेवर झोपायचं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. भावाचं लग्न झालं आणि माझ्या कंपनीला टाळं लागलं. ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं, अशी टाळी तेव्हा बऱ्याच ठिकाणी लागत होती. मी घरी बसले. आठवडाभर बरं वाटलं, मग घरातले लोक माझ्याशी जरा वेगळं बोलतात असं वाटायला लागलं. आई मला भांडी घासायला सांगू लागली. भाऊ चहा मागताना आधी माझ्याकडे बघायचा नाही, आता बघू लागला. खाट तेवढी माझी उरली होती.

वहिनी माझ्याच वयाची. मी तिला तू म्हणायचे, ती मला तुम्ही म्हणायची आणि वन्सं म्हणून हाक मारायची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई लहानपणीच गेलेली. कोकणातल्या घरी म्हातारे वडील आणि भावजय. भावजयीने पत्र पाठवलं की इथे करायला कोणी नाही. म्हणून आमच्या जवळच्या प्रसूतिगृहात तिचं नाव घातलं. आई शेजारणीला तिच्यासमोरच म्हणाली, "माहेर असान नसल्यासारखा." वहिनी तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

आठव्या महिन्यात तिच्या पायांवर सूज आली. ती लादीवर झोपायची, खाली एक चटई आणि एक गोधडी. प्रसूतिगृहातल्या सिस्टरने तिला नीट समजावलं होतं. डाव्या कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या, पोटाखाली मऊ काहीतरी सरकवा, जमलं तर खाटेवर झोपा म्हणजे उठताना त्रास होणार नाही. हे सगळं ती घरी येऊन सांगत होती, शाळेतून आल्यावर मुलं सांगतात तसं, उत्साहाने. आई म्हणाली, "आमी काय खाटेर निजान पोरां काढली?" मी हसले. वहिनीला वाटलं मी आईला हसले. मी तिला हसले होते.

उशा घरात दोन, एक आईची आणि एक माझी. भाऊ हातावर डोकं ठेवून झोपायचा. वहिनीने जुन्या लुगड्याची गुंडाळी करून, सुतळीने बांधून गुडघ्यांत घ्यायला उशी केली. चांगली केली होती. दोन दिवसांनी मी ती सोडली आणि त्या लुगड्याची फडकी केली. स्टोव्ह पुसायला फडकं नव्हतं, असं सांगितलं. फडकं होतं.

आता कपडे वाळत टाकायच्या काठीचं सांगते. आमच्या आईची एक पक्की समजूत होती आणि ती तिच्या एकटीची नव्हती, चाळीतल्या सगळ्या बायकांची होती. गरोदर बाईने झोपल्या झोपल्या कूस बदलायची नाही. आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या अंगाला वळून आडवं व्हायचं. पडल्या पडल्या वळलं तर नाळ बाळाच्या गळ्याभोवती फिरते. आई दुपारी समोरच्या बिल्डिंगमध्ये एका नोकरीवालीची दोन मुलं सांभाळायला जायची. जाताना मला म्हणाली, "तू घरातच बसलंस. हिच्यावर लक्ष ठेव. निजान वळली तर नाळ पडता पोराच्या गळ्यात."

मला काम मिळालं. कित्येक महिन्यांनी कोणीतरी माझ्यावर काही सोपवलं होतं.

चाळीत कपडे वर छताजवळच्या दोरीवर टाकायला लांब काठी असते, तशी आमचीही होती. मी खाटेवर पडायचे आणि ती काठी उशाशी ठेवायचे. वहिनी खाली लादीवर, भिंतीकडे तोंड करून. जेवणं झालेली, भांडी तिनेच घासलेली, चाळीत शांतता. पंधरा-वीस मिनिटांत तिचा श्वास लांब व्हायचा. थोड्या वेळाने अंग अवघडलं की झोपेतच ती वळायला लागायची. खांदा हलला रे हलला की मी खाटेवरूनच काठीचं टोक तिच्या पाठीत टोचायचे.

"ऊठ. बस. आता वळ."

ती डोळे मिटलेलेच, एक तळहात लादीवर टेकवायची, मग गुडघा, मग दुसरा हात, आणि धापा टाकत बसायची. थोडा वेळ तशीच बसून राहायची. मग वळून आडवी व्हायची. एकेका दुपारी चार-पाच वेळा असं व्हायचं. ती एकदाही चिडली नाही. उलट पहिल्या दिवशी म्हणाली, "बरं झालं वन्सं, तुम्ही आहात. मला झोपेत कळत नाही."

मला खरंच नाळेची काळजी होती, असं मी स्वतःला सांगायचे. पण काळजी असणारा माणूस हळू हाक मारतो. मी काठी वापरायचे. आणि कधी कधी ती वळत नसतानाही टोचायचे, नुसता पाय हलवला तरी. तिचं ते झोपेतून उठणं, केस विस्कटलेले, तोंड उघडं, ते बघायला मला आवडायचं. हे लिहायला लाज वाटते, पण आवडायचं हे खरं. दिवसभरात माझ्या शब्दासरशी घरात कोणी उठून बसत असेल तर ती एकटी.

नववा लागल्यावर एके दिवशी तिने विचारलंच. "वन्सं, दुपारचा तासभर खाटेवर पडू का? खालून उठताना कंबर धरते हो."

मी म्हटलं, "खाट उंच आहे. झोपेत पडलीस तर? मग सगळे मला बोलतील."

तिने भावाला सांगितलं असावं. संध्याकाळी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "थोडे दिवस दे की गं तिला खाट."

"नोकरी गेली, आता खाट पण घ्या," मी म्हणाले. "बाहेर पॅसेजमध्ये झोपते मी, चालेल?"

आई म्हणाली, "ऱ्हवांदे." विषय संपला. वहिनी चपात्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. त्यानंतर तिने माझ्याकडे काहीही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला सहा वेळा उठवलं. तेव्हा ती फार थकलेली होती आणि शेवटच्या खेपेला पुन्हा आडवी झालीच नाही. भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून बसली आणि बसल्या बसल्याच झोपली. बसलेल्या माणसाला काठी टोचायला काही कारण सापडेना, म्हणून काठी खाली ठेवली, पण झोपले नाही. तिच्याकडे बघत पडून राहिले.

मुलगा झाला. नाळेचा एक वेढा गळ्याभोवती होता. सिस्टरने तो सहज सोडवला, पोरगं रडलं, सगळं ठीक झालं. आज तो चांगला उंचापुरा बाप्या आहे, दोन पोरांचा बाप आहे. पण तिथल्या आयाने बाहेर येऊन आईला ते वेढ्याचं सांगितलं, आणि आईच्या तोंडून ते चाळीत गेलं. वहिनी पोराला घेऊन घरी यायच्या आधी तिची अब्रू गेली होती. कशी आई ही, तेवढंही जमलं नाही, स्वतःच्या पोराला फास लावत होती, असं नळावर चालायचं.

बाराव्या दिवशी बारसं. खोलीत दाटीवाटीने बायका बसलेल्या, पाळणा मधोमध टांगलेला. पलीकडच्या खोलीतली म्हातारी वहिनीला म्हणाली, "आता तरी लक्षात ठेव हो. पुढच्या वेळी आळस नको करू. उठून बसायचा कंटाळा केलास तो पोराच्या जिवावर आला असता."

वहिनी म्हणाली, "नाही हो काकी, मी एकदाही झोपून वळले नाही. वन्सं रोज होत्या ना." मग ती माझ्याकडे वळली. "वन्सं, सांगा ना."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आईसुद्धा. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर आईची समजूत खोटी पडली असती, किंवा मी वहिनीसाठी खोटं बोलते असं ठरलं असतं. दोन्हींतलं काही मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर ती माझ्याकडे त्या नजरेने बघत होती, माझ्या एका शब्दावर अडलेली, तेही मला वाईट वाटत नव्हतं.

मी म्हटलं, "मला काय माहीत. दुपारी माझा डोळा लागायचा."

वहिनीने मान खाली घातली आणि पोराचं दुपटं नीट करत बसली. बायकांनी पाळणा हलवायला घेतला.

पुढे मला कांदिवलीला दुसरी नोकरी लागली, लग्न झालं, मी मुलुंडला गेले. तीन-साडेतीन वर्षांनी माझे दिवस भरत आले तेव्हा रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, त्याच खोलीत. आईचे गुडघे गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू, घर आता वहिनीच्या हातात होतं. ती मला घ्यायला मुलुंडपर्यंत आली होती. खोलीत शिरले तर खाट खिडकीखालीच, वर नवी चादर. गादीचा कापूस पिंजून घेतलेला. डोक्याला एक उशी, पोटाखाली घ्यायला एक बारकी, आणि गुडघ्यांत घ्यायला एक लांबट, तिने हाताने शिवलेली. खाटेवर चढताना त्रास नको म्हणून खाली पाट ठेवलेला.

"सिस्टर सांगायच्या ना, डाव्या कुशीवर," ती म्हणाली. "मला सगळं आठवतंय."

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, ही बाई देवमाणूस आहे. सगळं विसरली. तिचा हात धरून काहीतरी बोलावं असं मनात आलं. उद्या बोलू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, पोरगा बालवाडीत गेला, आई दाराशी डुलक्या घेत होती. मी खाटेवर आडवी झाले. इतकं सुखाचं अंथरूण मला जन्मात मिळालं नव्हतं. झोप लागली. किती वेळाने कोण जाणे, बरगडीत काहीतरी रुतलं. डोळे उघडले तर वहिनी खाली लादीवर, मांडीवर सूप घेऊन एका हाताने तांदूळ निवडत बसलेली. दुसऱ्या हातात कपड्यांची काठी.

"उठा, वन्सं. बसा. आता वळा."

आवाजात राग नव्हता. मी उठून बसले. त्या दुपारी तिने मला पाच वेळा उठवलं. दुसऱ्या दिवशी पाच वेळा. कधी मी वळत नसायचे, नुसता पाय हलवलेला असायचा. बाकी दिवसभर ती माझं सगळं करायची, पायांना तेल लावायची, गरम जेवायला वाढायची, मला ताटसुद्धा उचलू द्यायची नाही. चाळीतल्या बायका मला म्हणायच्या, नशीब काढलंस हो, अशी भावजय मिळत नाही. आई खुशीत मान डोलवायची. मी तक्रार करणार कोणाकडे आणि कसली?

आठवडाभराने मी रडकुंडीला आले. म्हटलं, "वहिनी, एक दिवस झोपू दे गं मला."

"झोपा की," ती म्हणाली. "मी कुठे नको म्हणते?"

"तुझा खरंच विश्वास आहे, वळल्याने नाळ पडते?"

तिने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "नाही. सिस्टरनी मला पोरगा झाला तेव्हाच सांगितलं होतं, असं काही नसतं. नाळ पोराच्या हलण्याने फिरते."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली. "वळताय ना? बसा उठून."

मी उठून बसले. घर सोडून मुलुंडला निघून जावं असं त्या महिन्यात अनेकदा वाटलं, पण तिकडे जाऊन काय सांगणार होते? शेवटचे पंधरा दिवस मी भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपले. तसं झोपल्यावर ती काही बोलायची नाही.

मला मुलगी झाली. नाळ मोकळी होती. बारशाला त्याच बायका आल्या, तोच पाळणा टांगला. आई सगळ्यांना सांगत होती, "वयनीन लक्ष ठेवल्यान म्हणान सगळा नीट झाला." पलीकडच्या म्हातारीने वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "स्वतःच्या वेळी चुकलीस, पण नणंदेच्या वेळी शहाणी झालीस हो."

वहिनी पाळण्याची दोरी सरळ करत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाली, "माझा डोळा नाही लागला ना एकदाही, काकी. विचारा वन्संना."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "हो. नाही लागला."