हिंगाची हरकत

आमच्या पुण्याच्या सोसायटीत निनावी पत्रांना तोटा नव्हता. पाण्याची वेळ, जिन्यातल्या चपला, तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा, कशावरही कुणीतरी 'एक त्रस्त सभासद' म्हणून पत्र टाकायचं. सेक्रेटरी ते वाचून खणात ठेवायचे, आणि अक्षर सगळ्यांना ओळखू येत असूनही कुणी चकार शब्द काढायचं नाही. लिहिणाऱ्याचा राग निवायचा, एवढाच त्याचा उपयोग. कॅनडात येऊन मला सात वर्षं झाली होती. सिटिझनशिपची परीक्षा पास झाले होते, विंटर टायर कधी बदलायचे तेही कळत होतं, पण अर्ज म्हणजे शेवटी कुणाच्यातरी खणात जायची वस्तू, ही समजूत काही डोक्यातून गेली नव्हती. त्या समजुतीनेच घात केला. छे, समजुतीवर कशाला ढकलू, घात मीच केला.

किचनरला लागून असलेल्या एका लहानशा गावात आम्ही राहायचो. मी आणि नवरा, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. आमच्यापासून तीन घरं सोडून नागपूरची एक बाई आपल्या मुलाकडे राहायला आली. साठीची, ठेंगणी, चालणं भरभर. नागपुरात तीस वर्षं सरकारी कचेरीत नोकरी करून रिटायर झालेली. पहिल्याच आठवड्यात दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मराठी आहे म्हणे तुम्ही. मी तर बोलायला तरसून गेली बाप्पा." मी तिला मावशी म्हणायला लागले. पुण्यात स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनाही आम्ही मावशीच म्हणतो. मी म्हणत होते ती यातली कुठली मावशी, हे त्या वेळी मला कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मावशीला घरात बसून राहणं जमेना. "तीस वर्षं माझ्या पगारावर जगली मी," ती म्हणायची, "आता बसच्या पाससाठी पोराकडे हात पसरू का?" मग तिने डबे सुरू केले. पहिला डबा माझा. कामावरून येऊन कणीक मळायची म्हणजे माझ्या जिवावर यायचं, तेव्हा ती म्हणजे देवासारखी धावून आली असंच मला वाटलं. फक्त वरणाला लसणाचा वास यायचा, ते मी न चाखताच बाजूला ठेवायची. पहिल्याच आठवड्यात मी तिला सांगितलं, "मावशी, आमच्याकडे वरणात लसूण नाही घालत. हिंग घालतात."

त्या 'आमच्याकडे'मध्ये काय काय होतं, ते तिलाही कळलं आणि मलाही. ती म्हणाली, "बरं. हिंग तर हिंग." त्या शनिवारी आम्ही दोघी इंडियन ग्रोसरीत गेलो आणि एकाच फळीवरच्या दोन पिवळ्या डब्या घेतल्या, एक तिला, एक मला. तिने डबी डोळ्यांजवळ धरून इंग्रजी नाव अक्षर अक्षर जोडून वाचलं, "ॲ-सा-फो-टि-डा. बाप रे! एवढ्याशा हिंगाला एवढं मोठं नाव." तेव्हापासून हिंग संपला की ती मला फोन करून म्हणायची, "तुझा ॲसाफोटिडा संपला वो." आम्ही दोघी हसायचो.

दोन वर्षांत डबे तीसच्या वर गेले. एकटीला झेपेना. मदतीला बाहेरची एक बाई ठेवायची होती, आणि लोक संध्याकाळी दारात गाड्या लावून डबे न्यायला लागले होते. राहत्या घरात एकटीने धंदा केला तर गावाचं काही म्हणणं नव्हतं, पण बाहेरचा माणूस कामाला ठेवायचा आणि गिऱ्हाइकं दारात आणायची तर खास परवानगी लागायची. मावशीने गावाच्या कमिटीकडे अर्ज केला. तिच्या लॉनवर बर्फात पाटी उभी राहिली आणि आसपासच्या सगळ्या घरांना पत्रं आली: कुणाची हरकत असेल तर सुनावणीआधी कमिटीला कळवावं.

याच सुमारास तिच्या मुलाला दूर पश्चिमेला, सस्काटूनला नोकरी चालून आली होती. मुलाने तिला सांगितलं होतं, परवानगी मिळाली तर तू इथंच राहा, आपण घर ठेवू, तुझा धंदा तू चालव. नाही मिळाली तर घर विकून माझ्याबरोबर चल. मावशीने हे मला आमच्या ड्राइव्हवेत, मी फावड्याने बर्फ काढत असताना सांगितलं. "तिकडे गेली की मी पुन्हा पोराच्या घरातली म्हातारी," ती म्हणाली. "तुझी तर काही हरकत नाही नं?"

"अहो मावशी, माझी कसली हरकत!" मी म्हणाले. आणि तेव्हा ते खरं होतं, अगदी देवाशपथ.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. ऑफिसात जेवून मी मीटिंगला गेले आणि परत आले, तर माझ्या टेबलावर एअर फ्रेशनरचा डबा ठेवलेला. वर पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर हसरा चेहरा. नाव नाही, गाव नाही. शेजारच्या टेबलांवरची सगळी मंडळी मान खाली घालून कामात. मेल्यांनो, तोंडावर तरी बोला! पण मी तरी कुठे बोलले? डबा खणात टाकला आणि वॉशरूममध्ये जाऊन जॅकेटची बाही हुंगली. येत होता वास. वरणाचा, हिंगाचा. मी आमचे कोट गराजमध्ये टांगायची, फोडणी घालताना कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडायची, सात वर्षं हा एवढा आटापिटा करून शेवटी मी वासाचीच.

घरी येऊन गाडीतून उतरले, तर गल्लीत तोच वास. मावशीकडे संध्याकाळच्या डब्यांची तयारी चालली होती. माझ्या डोक्यात सणक गेली. त्या चिठ्ठीवाल्याचा राग काढायला समोर कुणी नव्हतं, आणि ही सापडली. कोट न काढता कॉम्प्युटरपुढे बसले आणि कमिटीला पत्र लिहिलं. मसाल्यांचा उग्र वास आमच्या घरात येतो, कपड्यांना बसतो, विशेषतः ॲसाफोटिडाचा. स्पेलिंगसाठी स्वयंपाकघरात जाऊन डबीवर बघून आले. चूक नको ना व्हायला! खाली लिहिलं, 'या गल्लीतला एक चिंतित रहिवासी'. छापून पाकिटात घातलं आणि लगेच कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत टाकून आले. राग निवला. मग घरी येऊन मावशीचा डबा उघडला आणि वरणभात जेवले.

नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. निनावी पत्र, कोण विचारतंय, असंच मनात धरून होते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मावशीचा फोन. मुलाला रजा मिळत नव्हती. "माझं इंग्रजी म्हणजे तोडकंमोडकं," ती म्हणाली. "तू येशील का माझ्याबरोबर? मी मराठीत बोलते, तू फाडफाड सांग त्यांना." ऑफिस आहे, बरं नाही, गाडी सर्व्हिसिंगला आहे, शंभर कारणं होती. पण हो म्हणाले. नाही म्हटलं तर तिला संशय येईल, असं वाटलं. आता विचार केला की हसू येतं: तिच्या स्वप्नातही नव्हतं, संशय फक्त माझ्याच मनात होता.

टाउन हॉलमधली खोली शाळेच्या वर्गाएवढी. पुढे टेबलामागे कमिटीचे पाच जण, मधोमध अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांची, बोलायला मऊ. आमच्या आधी कुणाचा मागचा लाकडी डेक कुंपणाला फार जवळ, कुणाचा ड्राइव्हवे फार रुंद, अशी प्रकरणं पटापट निकालात निघाली. मावशीने ठेवणीतली निळी साडी नेसून वर कोट घातला होता. सगळ्या गिऱ्हाइकांच्या सह्यांचा कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मांडीवर धरला होता.

आमचा नंबर आला. मावशी बोलली, मी सांगितलं. गाड्या दहा मिनिटांच्या वर थांबणार नाहीत, मदतनीस बाई बसने येईल, कचरा वेगळा ठेवीन. अध्यक्षबाई मान डोलवत होत्या. पलीकडच्या घरातले एक आजोबा उठून म्हणाले, पार्किंगची जरा काळजी वाटते, पण बाई चांगली आहे, बर्फ पडला की माझ्या पायऱ्यांवर मीठ टाकते. खोलीतलं वारं मावशीच्या बाजूने होतं, मलाही ते जाणवत होतं.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "एक पत्र आलंय, खाली नाव नाही. नाव नसलेल्या पत्राला आम्ही फारसं महत्त्व देत नाही, पण नोंदीसाठी वाचते."

आणि त्यांनी ते वाचायला सुरुवात केली. वाचलंच! सगळ्यांसमोर, मोठ्याने, खणात न टाकता! माझी वाक्यं त्या मऊ आवाजात एकामागून एक येत होती, आणि 'विशेषतः'पाशी त्या अडखळल्या. "ॲसा... ॲसाफ..." चष्मा सावरून कागद जवळ धरला.

मावशी इतका वेळ खाली बघत होती. तिने मान वर केली आणि मदत म्हणून, अगदी साळसूदपणे म्हणाली, "ॲसाफोटिडा, मॅडम."

लोक हसले, मायेनेच. अध्यक्षबाईही हसल्या, थँक यू म्हणाल्या. मावशीही हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळत गेलं आणि ती माझ्याकडे वळली.

"काय लिहिलं वो त्यात?"

"वास येतो म्हणतात."

"हिंगाचा?"

"हो."

तिने फोल्डर मांडीवर सरळ केला. "आपल्या गल्लीत," ती सावकाश म्हणाली, "हिंगाला कोण ओळखते?" हा प्रश्न नव्हता.

अध्यक्षबाईंनी विचारलं, यावर अर्जदारांना काही म्हणायचंय का? मावशी उभी राहिली. आवाज चढला नाही तिचा. म्हणाली, "सांग त्यांना. मी हिंग घालतच नव्हती. माझ्या घरी हिंग खातच नाही कोणी. एकीने मागितला म्हणून घालायला लागली. तिला त्रास होऊन राहिला होता तर दार वाजवून सांगायचं होतं, मी त्या दिवशीच बंद केला असता. एवढं सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. हे जसंच्या तसं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, कुणी मागितला? आणि मावशीने बोट दाखवलं असतं, की नसतं, कोण जाणे. मी ती जोखीम घेतली नाही. मी उभी राहून फाडफाड इंग्रजीत म्हणाले, "शी इज सॉरी अबाउट द स्मेल. शी विल ट्राय टु रिड्यूस इट."

दोनच तर वाक्यं होती. मावशीला त्यातला 'सॉरी' कळला. 'स्मेल' कळला.

"मी सॉरी नाही म्हटलं," ती मला हळूच म्हणाली. मराठीत. तिथे मराठी कळणारी मी एकटीच होते, आणि मी ते इंग्रजीत केलं नाही.

पाच जणांनी आपसात चर्चा केली. एक जण म्हणाला, पत्राचं सोडा, पण वास येतो हे अर्जदारांनी स्वतःच मान्य केलंय. अध्यक्षबाईंनी मावशीच्या बाजूने मत दिलं. तीन विरुद्ध दोन, परवानगी नाकारली. अपील करता येईल, असं त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं, आणि तेवढं मात्र मी अगदी शब्दशः मराठीत केलं.

मी तिला गाडीने घरी सोडलं. घरासमोर उतरताना तिने सीटबेल्ट नीट परत जागेवर सोडला आणि म्हणाली, "शुक्रवारपर्यंतचे तुझे डबे कबूल केले होते. तेवढे देईन." ओरडली असती, मला मेलीला चार शिव्या हासडल्या असत्या, तर मी तिचे पाय धरले असते असं मी पुढे कितीदा स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. पाय धरायला तिच्या ओरडण्याची वाट कशाला बघायची होती? तीन घरं सोडून तर राहत होती.

तिने अपील केलं नाही. बर्फ वितळता वितळता त्यांच्या लॉनवर 'फॉर सेल'ची पाटी लागली आणि मे महिन्यात मायलेक सस्काटूनला गेले. निघताना ती आजोबांना भेटली, समोरच्यांना भेटली. आमची बेल वाजली नाही. नवरा म्हणाला, "कमाल आहे, तू एवढी तिच्यासाठी टाउन हॉलला गेलीस, आणि साधं भेटायलाही आली नाही?" मी म्हणाले, गडबडीत असेल. खरं काय ते त्याला अजून माहीत नाही.

पण त्या शुक्रवारचं सांगायला हवं. ऑफिसातून आले तर डबा दाराशी ठेवलेला, नेहमीसारखा फडक्यात बांधलेला. उघडला तर हिंगाचा वास नाही. वरणावर लसणाची खरपूस फोडणी, वाळलेली लाल मिरची, वर थोडी कोथिंबीर. मला वाटलं, रागाने केलंय, खायचंच नाही. मग ओट्याशी उभ्या उभ्याच भातावर घेतलं आणि पहिल्या घासालाच थांबले.

खोटं कशाला सांगू, वरण फार सुरेख होतं. भांडं पुसून खाल्लं मी. दोन वर्षं तिच्या हातचं जेवत होते, आणि तिच्या घरचं वरण मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं.