तुरीडने मोडलेलं श्रमदान

पावसाळी बर्गन शहरात डोंगरउतारावरच्या एका सहकारी वसाहतीत तुरीड हाउकेलान तेवीस वर्षं देखभालीचं काम करत होती. बोलणं कमी, त्यातलंही निम्मं कुरकुरीचं. वर्षअखेरीस ती निवृत्त व्हायची होती आणि तिच्या जागी एक कंपनी यायची होती. त्याआधी एकच काम तिला आपल्या हातून व्हायला हवं होतं. घरांच्या दारांपुढून जाणाऱ्या काँक्रीटच्या उघड्या गॅलऱ्यांना पाणी अडवणारं सीलर लावायचं होतं. पाऊस आत मुरायचा, हिवाळ्यात गोठायचा आणि दरवर्षी काँक्रीटचे पोपडे निघायचे.

वसाहतीच्या सभेत अध्यक्ष ओडवारने चकचकीत थर देणाऱ्या सीलरचं चित्र सगळ्यांपुढे फिरवलं.

"आत ओल असली की तो थर सुटून येतो," तुरीड म्हणाली. "आत मुरणारं घ्या. वाफ बाहेर जाते, पाणी आत येत नाही."

"आणि ते दिसतं कसं?"

"दिसत नाही."

"वा! म्हणजे एवढे राबणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही!"

सभा खो खो हसली. तरी तुरीड हटली नाही, आणि शेवटी एका मताच्या फरकाने तिचं सीलर ठरलं.

श्रमदान ठरलं सतरा मेच्या, म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या, आधीच्या शनिवारी. दरवर्षी त्याच शनिवारी असतं. एक वेळ माणूस आजारी पडेल, शनिवार बदलायचा नाही. त्या दिवशी नेमकं लख्ख ऊन पडलं. तीसेक माणसं जुने कपडे घालून, रोलर घेऊन हजर झाली. तुरीडने आदल्या संध्याकाळी गॅलरीच्या जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला होता. सकाळी तो उचलला, तर खालून थेंब जमलेले.

"रोलर खाली ठेवा," ती म्हणाली. "आज होणार नाही."

"अगं, ऊन बघ की!" ओडवार ओरडला.

"ऊन तुझ्या टकलावर आहे. काँक्रीटच्या पोटात अजून गुरुवारचा पाऊस आहे."

लोकांनी श्रमदानासाठी केलेले वॅफल तपकिरी चीज घालून खाल्ले, तोंडं वाकडी केली आणि घरी गेले.

पुढच्या आठवड्यात पाऊस पडलाच नाही. तुरीडने पुन्हा प्लास्टिक चिकटवून बघितलं, खाली थेंब नव्हते. बुधवारी, गुरुवारी सगळे कामावर गेले आणि तिने येण्याजाण्याच्या वाटेवर 'मागच्या जिन्याने जा' अशी पाटी लावली. गुडघे टेकून, कोपऱ्यांत ब्रश घालून, पहिला हात सुकायच्या आत दुसरा देत तिने तिन्ही गॅलऱ्या एकटीने पुऱ्या केल्या. शुक्रवारी ओडवार बघायला आला. काँक्रीट होतं तसंच करडं.

"डबे रिकामे आणि गॅलरी आहे तशीच?"

"लावलंय."

"असू दे गं. शेवटच्या वर्षी थोडं अंग चोरलं, तर कोण काय म्हणणार?"

तो हसत हसत म्हणाला, पण ते वसाहतभर पसरलं. दाखवून देणं एका मिनिटाचं काम होतं. तुरीडने ते केलं नाही. ज्यांची गटारं आपण तेवीस वर्षं उपसली त्यांना पुरावे कसले द्यायचे, असं तिला वाटलं. तरी ते बोलणं तिला लागलं होतं, जेवताना आठवायचं.

नोव्हेंबरात कंपनीचा शेटिल नावाचा माणूस किल्ल्या घ्यायला आला. ओडवारने त्याला गॅलरीत नेलं. तुरीड मागे होती.

"आधी हे करून घ्या," ओडवार म्हणाला. "राहूनच गेलंय."

शेटिलने बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं. ते मुरलं नाही, त्याचे टपोरे थेंब तसेच उभे राहिले. मग भिंतीलगत ओतलं, मग कोपऱ्यात. तिथेही तसंच.

"हे तर झालंय," तो म्हणाला. "एक कोपरा सुटलेला नाही. कुणी केलं?"

ओडवारचे कान लाल झाले. "तुरीड, तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते," असं म्हणून तिने किल्ल्या शेटिलच्या हातात दिल्या.

तुरीडला बरं वाटलं, पण राग त्याहून जास्त आला. तिच्या तेवीस वर्षांच्या शब्दापेक्षा ओडवारला अर्धी बाटली पाणी खरं वाटलं होतं.