चेंडू न मिळणारा जावई

रविवार सकाळ. हजर: मी, लेक सई, अमेरिकन जावई बेन. टीव्हीवर त्यांच्याकडचा फुटबॉल. मी वहीत टिपलं: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना.

“कॉलेजात तू कुठे खेळायचास?”

बेनने पुढच्या रांगेतला धिप्पाड गडी दाखवला. “इथे, आई. चेंडू फेकणाऱ्याला कोणी पाडू नये, म्हणून अडवायचं.”

“मग तुझ्याकडे चेंडू कधी यायचा?”

“यायचाच नाही.”

सई म्हणाली, “म्हणून तर याचे बाबा चिडवतात, तू खेळलास तरी कधी?”

बेन हसला, पण त्याचे कान लाल झाले. आमच्याकडच्या लग्नांत कोठीची किल्ली माझ्याच कमरेला असते. पंगत कधी अडत नाही, आणि अल्बमात मी कुठेच नसते.

वहीतलं एक काम बाकी आहे: बेनची जुनी मॅच चेंडूकडे न बघता पूर्ण पाहायची.