लग्नाची साखर

साखरेला वास नसतो असे कोणी म्हणाले की मी मनातल्या मनात हसते. वैशाखाच्या दमट उष्म्यात साखरेची भरलेली गोणी ज्याने लहानशा खोलीत महिनाभर सांभाळली नसेल, त्याने खुशाल तसे म्हणावे. ओलसर तरटाचा, मळीची आठवण करून देणारा, किंचित आंबूस आणि घशाशी येणारा असा तो गंध असतो. दारातून आत पाऊल टाकताच तो सामोरा येई; पुस्तक उघडावे तर पानांतून येई, केस विंचरावेत तर केसांतून येई. आजही एखाद्या वाण्याच्या दुकानात मागे गोण्यांची थप्पी लागलेली असली की तो नाकाशी येतो आणि त्या वर्षीची भीती परत येते. गोडाच्या वासाने भीती वाटावी, हे विपरीतच नाही का?

तेव्हा आम्ही सिल्वासाला सरकारी वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. ऐंशीचे दशक नुकते सुरू झाले होते. माझे वडील, आप्पा, केळव्याहून नोकरीसाठी इथे आले आणि पुरवठ्याच्या कचेरीत कारकून म्हणून स्थिरावले. मी इथल्याच मराठी शाळेत शिकवू लागले होते. आजच्या मुलांना सांगून खरे वाटणार नाही, पण त्या काळी वस्तू विकत घेण्याआधी ती मागावी लागे, आणि मागण्याआधी ती आपल्याला का हवी हे कागदावर सिद्ध करावे लागे. रॉकेलला कार्ड, सिमेंटला परमिट, गॅसला वर्षानुवर्षांचा नंबर. यातले बरेच कागद आप्पांच्या टेबलावरून जात, म्हणून गावात त्यांना नमस्कार फार. पण ते कुणाची सुपारीसुद्धा घेत नसत. महिन्याचा शेवटचा आठवडा आला की साखरेची परमिटे लिहिणाऱ्या या कारकुनाच्या घरी गुळाचा चहा होई. गूळ पडला की दूध फाटे, आणि आई तो चहा गाळून निमूटपणे कपांत ओती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा. त्या अंधाराचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकते.

लग्नघराला मात्र जादा साखर मिळे. त्यासाठी अर्जासोबत छापील लग्नपत्रिका जोडावी लागे; पत्रिका नाही तर साखर नाही. नियम सरळ होता, पण सरळ नियमापुढे सरळ माणूस कसा वाकतो ते मी घरातच पाहिले. त्या चैत्रात नाशिकहून एक स्थळ मला पाहून गेले होते. मुलगा तिथेच इंजिनियर, वडील निवृत्त आणि बोलण्यात अघळपघळ. 'घरी जाऊन कळवतो' म्हणून गेले आणि पंधरा दिवस काहीच कळले नाही. तेवढ्यात कुजबुज सुरू झाली की पुढल्या महिन्यापासून लग्नाची साखर बंद होणार. दुसऱ्यांचे अर्ज वर्षानुवर्षे काटेकोरपणे तपासणारे माझे आप्पा त्या कुजबुजीने हादरले. एकुलत्या एका मुलीचे लग्न आणि पंगतीत जिलबी नाही, हे चित्र त्यांना सोसवेना. त्यांनी पंचांग काढले, वैशाखाच्या अखेरचा एक मुहूर्त स्वतःच निवडला आणि बाजारातल्या छापखान्यात जाऊन पाच पत्रिका छापून घेतल्या. फक्त पाच, परमिटापुरत्या.

मला ते कळले शाळेत. कचेरीत काही कामाला गेलेल्या एका पालकाने अर्जाला टाचलेली पत्रिका पाहिली होती; त्याने हसतमुखाने माझे अभिनंदन केले आणि मीही त्याचे आभार मानले. संध्याकाळी आप्पांच्या पिशवीत उरलेल्या पत्रिका सापडल्या. आपल्याच लग्नाची पत्रिका आपण वाचावी आणि आपल्या लग्नाची तारीख तिथे पहिल्यांदा कळावी! 'चि. सौ. कां.' या अक्षरांपुढे माझे नाव असे काही ठाम बसले होते की क्षणभर मलाच वाटले, मी कधीतरी हो म्हटले असावे. आप्पांनी माझ्याकडे न पाहताच सांगितले, "कागदापुरतं आहे गं. त्यांचा होकार आला की खरंच होईल सगळं." आणि नाही आला तर, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. माझाच नाही आला तर, हा त्याहून धाडसाचा प्रश्न मात्र तेव्हा मनातही उगवला नाही.

होकार आला, पण साखर त्याच्याही आधी आली. पन्नास किलोंची ती गोणी बाहेरच्या खोलीत भिंतीशी ठेवली गेली. ओल लागू नये म्हणून आईने तिला पाटावर बसवले आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती हळदीची रेघ ओढली. माझ्याआधी हळद लागली ती त्या गोणीला. मुहूर्ताआधी तिच्यातला कणही वापरायचा नाही, असा आप्पांचा दंडक होता. तेवढ्या संयमाने त्या पाच पत्रिकांचे पाप फिटेल अशी त्यांची समजूत असावी. भरल्या गोणीशेजारी बसून आम्ही तिघे फाटलेल्या दुधाचा गुळाचा चहा पीत राहिलो. शेजारच्या कांताबेन उसनी साखर मागायला वाटी घेऊन येत, गोणीकडे पाहत, आईच्या तोंडाकडे पाहत आणि वाटी पदराआड लपवून परत जात.

होकाराच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: इकडे गॅसचा नंबर लागत नाही, आपली कुणाशी ओळख असल्यास बघावे. आप्पांनी ते पत्र घडी घालून ठेवले. दुसऱ्या पत्रात त्या ओळीची आठवण आधी होती आणि माझी चौकशी नंतर. तिसऱ्या पत्रात मात्र भीडभाड उरली नव्हती. वीस गोण्या सिमेंट हवे होते. 'वरचा मजला लवकर झाला तर आपल्याच मुलीची सोय होईल,' असे होणाऱ्या व्याह्यांनी वळणदार अक्षरात लिहिले होते. ते वाचताना मला तो चैत्रातला दिवस आठवला. पोह्यांच्या बश्या घेऊन मी समोर बसले होते आणि मुलाचे वडील आप्पांना कौतुकाने विचारत होते, तुमच्याकडे नेमके कोणकोणते कागद येतात? मुलीला काय काय येते, हे विचारायचे त्यांना सुचलेच नव्हते. त्यांना सून हवी होती, की जन्मभर चालणारे परमिट?

तेव्हापासून माझी झोप उडाली. टंचाईचे एक विलक्षण लक्षण मी त्या दिवसांत शिकले. जी वस्तू सहज मिळते ती नको असेल तर माणूस सहज नको म्हणतो. पण रांगा लावून, हात जोडून, तत्त्व मोडून जी आणली, तिला नको म्हणायची त्याची छाती होत नाही. मी नाही म्हणाले असते तर आप्पांनी सरकारला दिलेली पत्रिका खोटी ठरली असती, आणि ज्यांच्या टेबलावर दुसऱ्यांची खोटी कागदपत्रे पकडली जात तेच त्या गुन्ह्यात अडकले असते. नोकरीची अजून सात वर्षे होती. आणि हो म्हणाले असते तर? तर त्या तिसऱ्या पत्राला उत्तर द्यावे लागले असते, मग चौथ्याला, मग पाचव्याला. मी रोज शाळेतून घरी येई आणि गोणी पाटावर बसलेलीच असे.

एका रविवारी जवळच्या सुरंगी गावचे देवजीभाई आले. वारली शेतकरी, वयाने आप्पांच्याच बरोबरीचे. पाड्यावरच्या विहिरीचा काठ गेल्या पावसात ढासळला होता आणि सहा गोण्या सिमेंटसाठी ते तीन महिने खेपा घालत होते. कचेरीत गाठ पडली नाही की घरी येत, पायरीवर बसत. आत बोलावले तरी पायरीच त्यांना बरी वाटे. त्या दिवशी त्यांनी नेहमीच्याच शांतपणे विचारले, "सायब, पानी पडायच्या आगोदर सिमिट भेटल ना? बायांना पाय ठेवाया जागा नाय. पोर गेलं हिरीत तं काय करायचा?" आप्पा नेहमी त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलत. त्या दिवशी ते गोणीकडे पाहत म्हणाले, "या महिन्यात माल आलाच नाही, देवजी." देवजीभाईंनी मान डोलावली, चहा घेतला, कप पायरीवर पालथा घातला आणि गेले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. वापीच्या रेल्वे धक्क्यावर सिमेंट उतरले, हे दोनच दिवसांपूर्वी जेवताना आप्पांनीच सांगितले होते. आप्पांच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले खोटे. आणि ते कुणाच्या वीस गोण्यांसाठी बोलले गेले हे मला ठाऊक होते. त्या खोट्यापुढे माझेच नाव होते. आयुष्यात इतकी भीती मला पुढे प्रसूतीच्या वेळीही वाटली नाही.

"आप्पा, मला हे लग्न करायचं नाही."

आप्पांनी देवजीभाईंचा पालथा कप उचलून आत ठेवला. मग म्हणाले, "साखर आली आहे घरात." ओरडले असते तर बरे झाले असते, पण ते हे अगदी हळू, एखाद्या आजाऱ्याची बातमी सांगावी तसे म्हणाले. मी म्हटले, मला माहीत आहे. मी दाराची चौकट धरून ठेवली होती. आता रडारड होणार, लोकांची तोंडे निघणार, असे मला वाटले होते. पण आईने भाजीची परात बाजूला सारली, आप्पांकडे पाहिले आणि अगदी व्यवहारी स्वरात विचारले, "साखर परत करता येते का हो?"

वीस वर्षे त्या कामात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नसावा. आप्पा विचारात पडले. "माहीत नाही," ते म्हणाले, "आजवर कुणी केली नाही."

सोमवारी सकाळी त्यांनी हातगाडी बोलावली. गोणी गाडीवर चढली, हळदीची पिवळी चौकट तेवढी जमिनीवर उरली. आप्पांनी स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता आणि वरच्या खिशात अर्ज होता. मी शाळेत उशिरा येते म्हणून निरोप धाडला आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूने चालू लागले. भर बाजारातून ती आमची वरात निघाली. निघतानाच कांताबेन आपल्या ओट्यावरून म्हणाल्या, "अरे भाई, आ खांड पाछी क्यां लई जाव छो? साखर परत? लग्न मोडलं काय?" आप्पा थांबले. रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मराठीतच उत्तर दिले, "मोडलं नाही, बेन. ठरलंच नव्हतं." अर्जातही त्यांनी तेच लिहिले होते: पत्रिका छापतेवेळी विवाह निश्चित नव्हता, चूक माझी आहे. कचेरीत साखर परत घेण्याचा छापील नमुनाच नव्हता. आप्पांनी कोऱ्या कागदावर रेघा मारून तो स्वतः तयार केला आणि खाली सही केली.

पुढे जे व्हायचे ते झाले. नोकरी राहिली, पण टेबल गेले. आप्पांना दप्तरखान्यात जुन्या फायलींच्या धुळीत बसवले आणि निवृत्त होईतो ते तिथेच राहिले. बढती आली नाही, नमस्कार कमी झाले. नाशिकहून एक शेवटचे पत्र आले. आईने ते चुलीत घातले. टेबल सोडण्याआधी आप्पांनी देवजीभाईंचा अर्ज पुढे सरकवला. सहा नाही, चारच गोण्या मिळाल्या. पण पावसाआधी मिळाल्या. आप्पांना दुःख झाले का? झाले असणारच. खोकत खोकत घरी येत तेव्हा सदऱ्यावर कागदांची बारीक धूळ असे, आणि माझ्यामुळे हे झाले या विचाराने मला जेवण जात नसे. मी एकदा तसे बोललेसुद्धा. ते म्हणाले, "तुझ्यामुळे नाही. तुला न विचारल्यामुळे."

आता सगळे मुबलक आहे. साखर पारदर्शक पिशवीत येते आणि डॉक्टर तीच खाऊ नका म्हणतात. तरी कुठे तरटाचा तो वास आला की ती भीती परत येते, हळूहळू विरते, आणि मग नेहमीच मला चार वर्षांनंतरचे ते दोन दिवस आठवतात. गलोंड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या माणसाचे स्थळ आले होते. त्यांच्याकडून होकार ताबडतोब आला, आईचा चेहरा उजळला. आप्पांनी मला समोर बसवले आणि म्हणाले, "त्यांचं कळलं. तुझं काय ते तू सावकाश सांग." मी दोन दिवस मागून घेतले. खरे तर माझे मन पहिल्याच संध्याकाळी हो म्हणून बसले होते. पण मागितलेले दोन दिवस मिळतात, हे सुख मला पुरते उपभोगायचे होते. आप्पांनी मला पुन्हा विचारले नाही. आई मागाहून सांगत होती, ते दोन्ही दिवस बाजारात जाताना त्यांनी छापखान्याची गल्ली टाळली आणि उन्हातून लांबच्या रस्त्याने गेले.