काकांची कात्री हैदराबादलाच राहिली

परदेश दौऱ्याहून आलेला माणूस फोटो दाखवायला बसतो आणि किस्से सांगत सुटतो. ऑक्टोबरात आमचा औशाच्या द्राक्षवाल्यांचा ग्रुप फ्रान्समधली वाइनची जुनी गावं बघून आला. माझे रूम पार्टनर धोंडिबाकाका, त्यामुळे माझ्याकडं जरा जास्तच साठलेत.

मुळात ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडं छाटणीचा महिना. कोंब फुटायच्या जागा, म्हणजे डोळे, काडीवर किती ठेवले यावर वर्षाचा माल ठरतो. तीस वर्षांत काकांनी या कामाला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. लेकीनं परस्पर तिकीट काढलं म्हणून आले बिचारे.

*

हैदराबाद विमानतळावर तपासणीत काकांच्या पिशवीतून छाटणीची कात्री निघाली. ती तिथंच ठेवून घेतली.

"काका, कात्री कशाला आणली?"

"घरी ठिवली असती तर तुझ्या काकूनं बाग छाटली असती की!"

*

पहिल्याच गावात चारशे वर्षांचं दगडी तळघर. आम्ही माना वर करून कमानी बघतोय, काका मोबाइल वर करून रेंज शोधतायत. शेवटी बाहेर जाऊन त्यांनी काकूंना फोन लावला आणि मी येईपर्यंत छाटणी थांबव म्हणून सांगितलं.

परत आले ते कपाळाला आठ्या घालून. "हाव म्हनली, थांबवते म्हनली. लई लवकर हाव म्हनली. कायतरी गडबड हाय."

*

वाइन चाखून बादलीत थुंकायची असते, हे बघून काका म्हणाले, "थुकायचंच हाय तर एवढी मेहनत कशाला?" ग्लासाला हात न लावता पुन्हा बाहेर गेले. काकूंनी फोन उचलला नाही.

*

पुढच्या गावातल्या बागेची मालकीण सत्तरीची. वेली गुडघ्याएवढ्या, पानं पिवळी पडलेली. काकांनी दुभाष्यामार्फत विचारलं, छाटणी कोण करतं?

"मीच. नवऱ्याला घाई फार, भलतंच कापायचा."

सगळे हसले. काका हसले नाहीत. बसमध्ये मला तीनदा विचारलं, "मी घाई करतो का रे?"

"काका, बस थांबायच्या आधी तुम्ही दारात उभे असता."

*

औशात उतरल्यावर काका घरात न जाता थेट बागेत. मीही मागोमाग गेलो, असा किस्सा कोण सोडतं! बाग छाटून तयार होती. काका ओळीओळीनं फिरले, वाकून डोळे मोजले. चूक काही सापडेना. मला खरंच वाईट वाटलं त्यांचं.

शेवटची ओळ तेवढी तशीच होती.

"ती तुमच्यासाठी ठिवलीय," मागून आलेल्या काकू म्हणाल्या आणि नवी कात्री पुढं केली.

काका कात्री घेऊन वेलीसमोर उभे राहिले. बराच वेळ कापेनात. मग काकूंकडं न बघताच म्हणाले, "किती डोळ्यांवर छाटू?"