वस्तीचे कागद

लग्न होऊन मी मुळशीत आले तेव्हा पावसापासून काही वाचवायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. माझं माहेर पुण्याच्या पूर्वेला, कोरडवाहू मुलखात. तिकडे पावसाची वाट बघायची. सासर मात्र ताम्हिणीच्या अलीकडे, एका ओढ्याच्या काठावर. तो ओढा थोडं खाली जाऊन धरणाच्या पाण्याला मिळायचा. ऐंशी साल उजाडायच्या आधीची ही गोष्ट. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती, मोजकीच घरं, मातीच्या भिंती आणि वर कौलं. मालक पुण्याला कारखान्यात कामाला होते, शनिवारच्या यष्टीनं यायचे. एरवी घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची.

आत्या उंच, काटक, बोलायला कमी. सासरे मी येण्याआधीच वारले होते. गावकामाची वतनं गेल्यावर जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर करून मिळाल्या. ते हुकूम हातात पडावेत म्हणून साऱ्या वस्तीच्या वतीनं सासरे तालुक्याला चालत जायचे. त्यामुळं कागद आमच्याच घरी यायचे. मग एका पावसाळ्यात ओढ्याचं पाणी कुणाच्या तरी घरात शिरलं आणि त्याच्या पत्र्याच्या पेटीतल्या कागदांचा लगदा झाला. तेव्हापासून वस्तीनं ठरवूनच टाकलं, पावसाळ्यात सगळ्यांचे कागद एकाच ठिकाणी राहायचे. सासरे गेले तरी कागद आमच्याकडेच राहिले. आता ते आत्या सांभाळायच्या.

माझ्या पहिल्याच वैशाखात मी ते बघितलं. सकाळी आत्यांनी अंगण झाडून घेतलं, त्यावर गोधड्या अंथरल्या आणि आढ्याला टांगलेली अॅल्युमिनियमची दुधाची मोठी किटली खाली उतरवली. एकेक जण आपापल्या घरून नवे कागदही घेऊन आला. मुलाचा शाळेचा दाखला, सातबाऱ्याचा उतारा, कुणाचं पेन्शनचं पुस्तक. सगळं उन्हात पसरलं. ज्याचा कागद तो त्याच्याजवळ बसला, वाऱ्यानं उडू नये म्हणून हात ठेवून. मी शाळा शिकलेली, डी.एड. झालेली, कागद म्हणजे मला फायलीत लावायची गोष्ट. इथं माणसं कागदाजवळ अशी बसली होती, जशी आजारी माणसाच्या उशाशी बसतात.

दुपारनंतर आत्यांनी कागद भरायला घेतले. किटलीच्या तळाशी कोळशाचे तुकडे, त्यावर कडुलिंबाचा वाळला पाला. प्रत्येक घराचे कागद वेगळे, खताच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सुतळीनं बांधलेले. प्रत्येक पुडक्याला वेगळी गाठ. आत्यांना वाचता येत नव्हतं, पण गाठ बघून कुणाचं पुडकं ते त्या सांगायच्या. झाकण दाबून बसवलं की कडेनं मेण लावायचं. हे मेण वरच्या धनगरवाड्यातून यायचं.

सगळ्यात शेवटी शेजारचे आबा आले. वस्तीत सगळ्यांत म्हातारे तेच. त्यांच्या हातात एक मोडी लिहिलेला कागद होता, घडीवर झिजलेला.

"आबा, ह्यो कशाचा?" मी विचारलं.

"आमच्या थोरल्या आज्याचा. खालच्या शेताचा."

"खालचं शेत म्हंजे?"

त्यांनी धरणाकडं हात केला. "पाण्याखाली गेलं. मी लहान व्हतो तवा. आता ह्याचा काई उपेग न्हाई. पर टाकवत न्हाई."

आत्यांनी तो कागद घेतला, बाकीच्यांसारखाच गुंडाळला आणि वर ठेवला. त्याच्यावर माझं डी.एड.चं प्रमाणपत्र. मला शाळेत नेमणूक मिळायची होती, म्हणून ते लागलं तर चटकन हाताशी असावं असं मीच म्हटलं होतं. मग मेण लावलं.

त्या वर्षी आषाढात लावणी उरकली आणि पाऊस थांबेचना. असा पाऊस मी जन्मात बघितला नव्हता. डोंगर दिसेनासे झाले, नुसते त्यांच्यावरून कोसळणारे पांढरे पट्टे दिसायचे. ओढ्याचा आवाज आधी कानाला यायचा, मग अंगाला जाणवायला लागला. भिंतीला हात लावला की भिंत थरथरतेय असं वाटायचं. एके दिवशी दुपारी पाणी तांबड्याचं काळं झालं आणि त्यातून आख्खं झाड उभंच्या उभं वाहत गेलं. आत्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "चला. आता हितं थांबायचं न्हाई."

वस्ती वरच्या शाळेकडं निघाली. शाळा उंचावर होती, पण वाटेत ओढ्याला मिळणारा एक ओहळ आडवा यायचा. एरवी त्यात पाय भिजला तरी पुष्कळ. लोक पुढं गेले. आम्ही दोघी मागं राहिलो, कारण गाय सोडायची होती आणि किटली काढायची होती. आत्यांनी ती आढ्यावरून उतरवली, डोक्यावर घेतली, वर पानांचं इरलं पांघरलं आणि मला म्हणाल्या, "माझा हात सोडू नगंस."

ओहळाशी आलो तर पाणी कमरेइतकं होतं आणि ओढीचं. गाय आपली आपण पार झाली. आत्या पुढं, मी मागं. त्यांचा डावा हात किटलीला, उजवा माझ्या मनगटावर. मधोमध गेलो आणि माझ्या पायाखालचा दगड सरकला. मी खाली गेले. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढं तांबडा अंधार. मनगटावरची पकड सुटतेय असं वाटलं, तेवढ्यात दुसरा हात माझ्या दंडावर आला. दोन्ही हातांनी त्यांनी मला ओढलं. मी डोकं वर काढलं तेव्हा इरलं नव्हतं, आणि किटली पाण्यावर गिरक्या घेत चालली होती. चमकली, एकदा बुडाली, पुन्हा वर आली, मग वळणाआड गेली. मी तिच्याकडं बघत होते. आत्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. पलीकडच्या निरगुडीच्या झुडपाला त्यांनी हात घातला आणि मला काठावर लोटलं.

शाळेत सगळी वस्ती बसली होती, ओली, कुडकुडत. आत्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगातून पाणी निथळत होतं. त्यांनी एवढंच सांगितलं, "किटली गेली. पोरगी बुडत व्हती, म्या किटलीवरचा हात सोडला."

मी खाली मान घालून उभी. माझ्यामुळं साऱ्या वस्तीची जमीन वाहून गेली, असंच माझ्या मनात होतं. बसायला जागा कुठं घ्यावी तेही कळेना. मग आबा उठले. त्यांनी स्वतःच्या अंगावरचं घोंगडं काढून माझ्या खांद्यावर टाकलं.

"कागूद पुन्हा निघत्यात," ते म्हणाले. "चपला झिजत्याल, पर निघत्यात. तू बस."

एका बाईनं सरकून मला जागा करून दिली. कुणीतरी चूल पेटवायच्या खटपटीला लागलं. त्या शाळेत बसलेल्या एकेका चेहऱ्याकडं मी चोरून बघत होते. राग कुठंतरी दिसेल म्हणून शोधत होते. वैशाखात कागदांवर हात ठेवून बसलेली हीच माणसं. मला तो राग सापडला नाही. आजही मला ते नीट उमगलेलं नाही. माणसं गरीब असली की वस्तूला चिकटून असतात, असं मी कुठंकुठं वाचलं होतं. तसलं काही तिथं नव्हतं.

पाऊस हळूहळू ओसरला. आमच्या घराची एक भिंत बसली होती, चुलीत गाळ होता. रस्ता तुटल्यानं यष्टी बंद, मालकांना काही कळवायची सोय नव्हती. पुरुष माणसं ओढ्याच्या काठानं शोधत खाली गेली आणि हात हलवत परत आली. ओढा सगळं धरणाच्या पाण्यात नेऊन टाकतो, तिथं काय सापडणार, असं सगळेच म्हणाले.

मग एका सकाळी पलीकडच्या काठाचा होडीवाला आमच्या वस्तीत आला. धरणाच्या पाण्यावर अल्याडच्या माणसांची पल्याडच्या गावांना ने-आण तोच करायचा. त्याच्या खांद्यावर किटली होती. एका अंगाला चेपलेली, मेणावर पालापाचोळा चिकटलेला.

"पाण्याच्या मदोमद व्हती," तो म्हणाला. "वाहून आलेल्या ओंडक्यांच्या गर्दीत. मला वाटलं, कुनाचं तरी दूध गेलं. उचलली तर हलकी. मग मेण बघितलं आन् वळखलं. असलं मेण लावून ठेवनारी ह्या बाजूला एकच बाई हाय."

आत्यांनी किटली घेतली आणि ओट्यावर ठेवली. सगळी वस्ती जमली. कुणाला हाक मारावी लागली नाही. आत्यांनी विळ्याच्या टोकानं मेण खरवडलं, झाकण निघेना, आबांनी आणि होडीवाल्यानं धरलं तेव्हा ते निघालं. आतून कडुलिंबाचा वास आला. चेपलेल्या बाजूनं थोडं पाणी शिरलं होतं. किटली बहुधा झाकणाकडच्या अंगानं कलंडून तरंगत राहिली असावी, कारण भिजलं ते वरचं. माझं प्रमाणपत्र आणि आबांचा कागद. खालची पुडकी कोरडी होती.

आत्यांनी मला पुढं बसवलं. "तू वाच."

मी एकेक पुडकं सोडलं आणि कागदावरचं नाव मोठ्यानं वाचलं. ज्याचं नाव तो पुढं यायचा, हात धोतराला पुसायचा आणि "हाय" म्हणायचा. काही नावं वारलेल्या माणसांची होती. ती वाचली की त्यांचा मुलगा किंवा सून "हाय" म्हणायची. मी पुष्कळ वर्षं पुढं शाळेत हजेरी घेतली, पण नावं वाचताना तसं रोज कुठं वाटतं.

आबांचा कागद मी भीतभीत उलगडला. तो पार भिजून मऊ झाला होता, घडीवर दोन तुकडे झालेच. पण अक्षरं जशीच्या तशी. मोडीच्या ओळी, काळ्याभोर, कुठं फुटल्या नाहीत की पसरल्या नाहीत. कुणी, कसली शाई करून लिहिलं असेल कोण जाणे. मला मोडी येत नव्हती, तरी त्या ओळींवरून माझी नजर हलेना.

आबांनी ते दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. बराच वेळ बघत राहिले. मग होडीवाल्याला विचारलं, "किटली नेमकी कुटं घावली म्हनलास?"

होडीवाल्यानं सांगितलं. पलीकडच्या टेकाडाची सोंड आणि अलीकडचा जांभळीचा उंचवटा, त्यांच्या मधोमध.

आबांचा चेहरा बदलला. "तितंच," ते म्हणाले. "तितंच हाय आमचं शेत. खाली."

होडीवाल्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. मी त्या पाण्याकडं बघितलं. आमच्या ओट्यावरून त्याचा एक तुकडा दिसायचा, राखाडी, शांत, वर ढग टेकलेले. त्याच्या तळाशी बांध असतील, कदाचित एखाद्या विहिरीचं तोंड असेल, असं त्याआधी माझ्या कधी मनात आलं नव्हतं. लग्नापासून मी ते रोज बघत होते आणि नुसतं पाणीच बघत होते. ज्या शेताचा कागद, त्याच शेताच्या डोक्यावर तो दिवसभर की रात्रभर तरंगत राहिला होता.

"आज्याचं शेत एकदा बगून आला म्हनायचा कागूद," आबा म्हणाले. ते हसले नाहीत, रडलेही नाहीत. त्यांनी तुकडे आत्यांच्या हातात दिले.

आत्यांनी ते जोडून तांदळाच्या सुपात ठेवले, वर कोरडं फडकं. ऊन नव्हतंच, म्हणून सूप चुलीपासून अंतरावर, धग लागेल पण धूर लागणार नाही असं ठेवलं, आणि कागद वाळेपर्यंत चूल विझू दिली नाही. माझं प्रमाणपत्रही त्यातच वाळलं. त्यावरचा छापील मजकूर शाबूत होता, पण हातानं लिहिलेलं माझं नाव निळ्या शाईचं होतं. ते विरघळून कागदभर आभाळासारखा डाग पडला होता. आत्यांनी तो डाग बोटानं चाचपून बघितला.

"तुजं नाव कुटं हाय ह्यात?"

"गेलं."

"मग?"

"अर्ज केला की दुसरं मिळतं, आत्या."

"मिळतं ना? मग झालं," म्हणून त्या गायीकडं गेल्या.

दुसरं मिळायला वेळ लागला. नेमणूक त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षी झाली, आणि तीही धरणाच्या पल्याडच्या गावात. रोज होडीनं जायचं. एकदा, पहिल्याच महिन्यात, तांदूळ निवडता निवडता मी आत्यांना विचारलं, "त्या दिवशी किटली सोडताना तुमच्या मनात काय आलं?"

त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "मनात यायला येळ कुटं व्हता? हात गेला."

"पण सगळ्यांचे कागद होते."

"व्हते की."

त्या तांदूळ निवडत राहिल्या.

सकाळी होडी पाण्याच्या मधोमध आली की होडीवाला वल्हं संथ करायचा. मी त्याला कधी तसं सांगितलं नव्हतं. तो टेकाडाची सोंड आणि जांभळीचा उंचवटा एका रेषेत आले की गप्प व्हायचा, आणि मीही. खाली काहीच दिसायचं नाही. पाणी फार खोल होतं.