शेवटच्या प्रकरणाचे टाके

भाऊसोवर मी कित्येक वर्षं जळतो. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की आप्पासोनं मनात ठेवून लिहिलं. मी त्याचा शेजारी, शाळेतला सोबती आणि गावच्या वाचनालयात त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसणारा. त्याचा ऊस माझ्या उसापेक्षा उंच वाढतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याच्या डोक्यावर अजून केस आहेत, तेही सोडून देतो. माझं दुखणं वेगळं आहे. खुनाचं पुस्तक वाचलं की भाऊसोला खुनी ओळखता येतो आणि मला येत नाही.

आमचं गाव पलूसजवळचं. घरटी एक माणूस मिलिटरीत. तिथून परतताना कोणी ट्रंक आणतं, कोणी ब्लँकेट. भाऊसो हवालदार होऊन परत आला तो वाचनाचा नाद घेऊन, आणि तोही खून आणि कोर्टकचेरीच्या पुस्तकांचा. ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्यांत वाचनालय आहे. तिथं तो जो बसायला लागला, तो उठलाच नाही. हळूहळू आम्हा सगळ्यांनाच त्यानं ते व्यसन लावलं.

पण पूर्वी एक त्रास होता. कोणीतरी शेवट आधी वाचायचा आणि पारावर बसून फोडायचा. ग्रंथपाल सिद्धू वैतागला. त्यानं एक दिवस खताच्या पोत्याचा दोरा काढला, दाभण घेतलं आणि नव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कडेनं शिवून बंद करून टाकलं. तेव्हापासून ती आमची रीतच झाली. रहस्यकथेचं नवं पुस्तक आलं की सिद्धू शेवट शिवतो. मग ते पाळीपाळीनं घरोघर फिरतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी सगळे जमतात, प्रत्येकानं आपला खुनी सांगायचा, का तेही सांगायचं, आणि मग सिद्धू ब्लेडनं टाके कापून शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचतो. ते ऐकायला गावातल्या बायकाही येतात. कीर्तनाला नसते एवढी गर्दी असते.

आणि भाऊसोचा खुनी बरोबर निघायचा. दर वेळी नाही, पण एवढ्या वेळा, की लोकांनी बाकीच्यांचं ऐकणं सोडून दिलं. पाडव्याच्या आधीच्या बैठकीत ज्याचं बरोबर येईल त्यानं सांगलीला जाऊन वर्षाची पुस्तकं निवडून आणायची, असा आमच्याकडं मान आहे. तो मान भाऊसोशिवाय कोणी घेतलेला मला आठवत नाही. सांगलीहून तो पिशव्या घेऊन उतरायचा तेव्हा एस. टी. स्टँडवर पोरं पिशव्या धरायला पळायची. मी पान टपरीमागं उभा राहून बघायचो.

पुस्तकावर मत द्यायचं तर ते भाऊसोनंच. "ज्याच्या वकिलानं शेवटच्या पानावर नवा साक्षीदार आणला, त्या लेखकानं वाचकाचा खिसा कापला," असं तो म्हणायचा. किंवा, "जज्ज लय बोलतोय ह्यात. जज्जानं कमी बोलावं आन् चष्मा पुसावा." एखादं पुस्तक त्यानं "पोकळ हाय" म्हणून टेबलावर ठेवलं की पुढं त्याला कोणी हात लावायचं नाही. मी एकदा त्याच्या पोकळ पुस्तकाची बाजू घेतली होती. तर म्हणाला, "आप्पासो, तुला खुनी गावला न्हाई म्हणून तुला पुस्तक आवडलं." लोक हसले. मीही हसलो. आतून माझी काय अवस्था झाली ते मलाच माहीत.

मग गेल्या वर्षी माया आली.

ही आटपाडीकडची, धनगराची पोरगी, आमच्या उपकेंद्रात नर्स म्हणून लागली. पहिल्याच बैठकीत मागं बायकांत बसली होती. सिद्धूनं सहज विचारलं, "ताई, तुमाला काय वाटतं?" तर म्हणाली, "खुनी ती बहीण. कोर्टात सगळ्यांना प्रश्न विचारले, तिला एकानंबी विचारला न्हाई. लेखक तिला लपवतोय." भाऊसोनं माळ्याचं नाव घेतलं होतं. टाके कापले, आणि बहीण निघाली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. भाऊसोचं चुकायला लागलं ते नुसतं चुकायला नाही, सपशेल आपटायला लागलं. एकदा तर त्यानं ज्या माणसाला खुनी ठरवलं त्याचाच दुसऱ्या खुनात मुडदा पडला. मायाची मतंही वेगळी होती. "खुनी कोण ते जाऊ द्या काका," ती भाऊसोला म्हणाली, "मेलेल्या माणसाचं मला वाईट वाटलं पायजे. ह्या पुस्तकात त्याचं कुणालाच कायबी न्हाई, लेखकालाबी न्हाई." लोक माना डोलवायला लागले. तिला विचारून पुस्तकं न्यायला लागले.

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. भाऊसो माझ्यासारखाच जळायला लागला होता. मला सोबत मिळाली.

पण त्याचं जळणं माझ्यासारखं चोरटं नव्हतं. ज्या खुर्चीवर माया बसली असेल ती तो रुमालानं पुसून बसायचा. ती बोलायला लागली की खोकायचा. रस्त्यात मला गाठून म्हणायचा, "आरं, तिला कसं कळतं? सांग की! आपुन आयुष्यभर वाचतोय, आपल्याला कळंना, आन् ही कालची पोर?" घरी त्याला कोणी बोलायलाही नव्हतं. त्याची बायको बनुवहिनी साताऱ्याला गेल्या होत्या, लेकीच्या, रेश्माच्या बाळंतपणाला. भाऊसो हातानं पिठलं करून खायचा, आणि मायाचं नाव घेत भांडी आपटायचा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

एक दिवस तो माझ्याकडं आला तो डोळे बारीक करून. "ती टाके उसवती," म्हणाला. "शेवट वाचती, आन् परत शिवती. नर्स हाय ती. टाके घालायचं तिचं कामच हाय."

मला हे इतकं पटलं की मी त्याला चहा केला.

पाडव्याच्या आधीचं पुस्तक आलं. बागायतदाराला विष घातलंय, मुलावर खटला चाललाय, असं काहीतरी. पहिली पाळी नेहमीप्रमाणं भाऊसोची, शेवटची मायाची. सिद्धूकडून पुस्तक घेताना भाऊसोनं मला बोलावून टाके दाखवले. सिद्धूचे टाके म्हणजे दाभणाचे, वाकडेतिकडे, एक इथं तर एक तिथं. "बघून ठेव," भाऊसो म्हणाला. "तू साक्षीदार." त्याच आठवड्यात बनुवहिनी साताऱ्याहून परत आल्या. भिंतीपलीकडं पुन्हा भाकरीचा आवाज यायला लागला. पण बोलणं मात्र एकट्या भाऊसोचंच, आणि सगळं मायाबद्दल.

बैठकीच्या दिवशी भाऊसो इस्त्रीचा शर्ट घालून आला. एकेकानं नावं सांगितली. भाऊसो म्हणाला, ड्रायव्हर. माया म्हणाली, डॉक्टर, आणि कारणही चांगलं दिलं. मी म्हणालो, मेहुणा. माझ्याकडं कारण नव्हतं, मला माझे मेहुणे आवडत नाहीत एवढंच.

सिद्धूनं ब्लेड काढलं. तेवढ्यात भाऊसो उठला.

"हरकत हाय," तो म्हणाला. अगदी पुस्तकातल्या वकिलासारखा एक हात वर. "कापायच्या आदी ह्या टाक्यांकडं बघा. सिद्धू, हे तुझं टाके हायीत?"

सिद्धूनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "न्हाई बा," तो म्हणाला. "दोरा माजाच हाय. टाके माजे न्हाईत. माजे एवढे सरळ कवा आले? कापताना म्या कवा बघितलंच न्हाई."

भाऊसोनं मला साक्षीला उभं केलं. मी सांगितलं, होय, पुस्तक आलं तेव्हा टाके वाकडे होते, मी डोळ्यांनी पाहिलेत. एवढ्या लोकांपुढं माझ्या शब्दाला किंमत आल्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळं मी जरा जास्तच जोरात बोललो.

"पुस्तक शेवटी कुणाच्या घरात व्हतं?" भाऊसोनं विचारलं.

"माझ्या," माया म्हणाली. ती घाबरली नव्हती, पण तिचा चेहरा उतरला होता. "मी उसवलं न्हाई, काका. माझ्याकडं आलं तवा असंच सरळ व्हतं. मला वाटलं सिद्धूमामांचा हात बसला."

"वा!" भाऊसो म्हणाला. मग त्यानं पुस्तक उंच धरलं आणि सगळ्यांना फिरवून दाखवलं. "हे बाईमाणसाचं टाके हायीत. दोन सरळ, एक उलटा. दोन सरळ, एक उलटा. बघा! गावातल्या बाया हितं बसल्याती, त्यांनीच सांगावं, हा हात कुणाचा!"

पुस्तक बायकांत गेलं. हरणाबाई पुढं बसल्या होत्या. वय झालेलं, पण बोट अजून सुईवर पक्कं. त्यांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला, मग शेजारणीला दाखवलं. शेजारणीनं तोंडाला पदर लावला. पुस्तक पुढं सरकलं, आणि ज्या ज्या बाईच्या हातात गेलं ती ती आधी टाक्यांकडं बघायची आणि मग खाली मान घालायची. कोणीही मायाकडं बघत नव्हतं.

"बोला की!" भाऊसो ओरडला.

"काय बोलायचं?" हरणाबाई म्हणाल्या. "निम्म्या गावच्या वाकळा ह्याच हातानं शिवल्यात. माज्या नातवाची दुपटीबी ह्याच टाक्याची. भाऊसो, तुमीबी रोज हीच वाकळ पांघरून झोपतासा की."

सगळ्यात मागं, दाराशी, बनुवहिनी उभ्या राहिल्या.

"म्याच उसवलं," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला कायबी म्हणू नका."

भाऊसोचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"आवं, पयल्यांदा चुकलं तवा तुमी दोन दिस जेवला न्हाईसा," वहिनी त्याच्याकडं बघत बोलायला लागल्या. आम्ही तिथं नव्हतोच जणू. "म्हशीवर वरडला. लेकीला रडवलंसा. म्हटलं, एवढ्याशा दोऱ्यापायी घरात हे नगं. तवापासनं तुमी रानात गेलासा की उसवायचे, वाचायचे आन् परत शिवायचे. वाढताना एखादं बोलायचे. ती बाई मला लय गोड बोलती वाटतं, त्या गड्याला कशाला आडकवताय, असं. तुमी म्हणायचासा, तुला काय कळतंय. आन् दुसऱ्या दिशी तेच नाव घ्यायचासा."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं मी हसेन, मलाही हसू आलं नाही. एवढ्या वर्षांचे त्याचे सगळे खुनी माझ्या डोळ्यांपुढून गेले आणि प्रत्येकाच्या मागं भाकरी वाढणाऱ्या बनुवहिनी उभ्या दिसल्या. त्या साताऱ्याला गेल्या आणि इकडं भाऊसो आपटायला लागला, हे आता लहान पोरालाही कळलं असतं.

भाऊसोनं हात खाली घेतला. आणि त्यानं काय विचारावं?

"तिलाबी सांगितलंस?" त्यानं मायाकडं बोट केलं.

"तिला कशाला सांगू? ती काय माज्या ताटावर बसती? तिचं ती वळकती."

"मग ह्यावेळी मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं की!" वहिनींचा आवाज पहिल्यांदा चढला. "रोज सांगत व्हते. त्यो मेहुणा एवढा का रडतोय म्हणून तीनदा बोलले. तुमचं ध्यान हाय कुठं? जेवताना माया, हात धुताना माया, झोपताना माया. म्या काय बोलले ते कानावर तरी पडलं का?"

आता मात्र खोलीत हशा फुटला. सिद्धू टेबलावर डोकं टेकून हसत होता. मायाही हसली, आणि मग तिला वाईट वाटलं असावं, कारण ती उठून भाऊसोजवळ गेली आणि म्हणाली, "काका, बसा. पाणी पिता का?" भाऊसो बसला. पाणी प्यायला. तिच्या हातचं प्यायला, हे मी मुद्दाम नोंदवतो.

सिद्धूनं टाके कापून शेवटचं प्रकरण वाचलं, पण ऐकलं कोणी नाही. शेवट तर वहिनींच्या तोंडून आधीच फुटला होता. खुनी मेहुणा होता.

म्हणजे माझा होता! आयुष्यात पहिल्यांदा माझा खुनी बरोबर निघाला, पाडव्याच्या बैठकीत निघाला, सांगलीला जायचा मान माझा झाला, आणि सगळं गाव बनुवहिनींच्या टाक्यांबद्दल बोलत होतं. शेवटी मीच सिद्धूला आठवण करून दिली. तो म्हणाला, "आरं व्हय की, आप्पासोकाका," आणि पुन्हा हसायला लागला.

घरी जाताना भाऊसो आणि वहिनी माझ्या पुढं चालत होते. आमची घरं एकाच बोळात, दुसरी वाट नाही. मी पावलं हळू टाकत होतो.

"मी आज जेवणार न्हाई," भाऊसो म्हणाला.

"नका जेवू."

मग भाऊसोनं आवाज खाली आणला, पण मला ऐकू येऊ नये एवढाही नाही. "त्या आप्पासोचं कसं काय बरोबर आलं गं?"

माझी छाती फुगली. इतकी वर्षं ज्याच्यावर मी जळत होतो, तो आज माझ्यावर जळत होता. मी थांबलोच, नीट ऐकू यावं म्हणून.

बनुवहिनींनी क्षणाचाही विचार केला नाही. "आप्पासो भावजींचं?" त्या म्हणाल्या. "त्यांचं चुकून आलं. तुमी मन लावून वाचलं असतं तर त्यांचा काय पाड लागला असता? चला, पिठलं टाकते."

आणि भाऊसो खरोखरच ताठ होऊन चालायला लागला. मी घरात गेलो. बायको टीव्हीपुढं बसली होती. म्हटलं, आज माझा खुनी बरोबर निघाला. तिनं मान न वळवता विचारलं, "कोण मेलं?" पलीकडं पिठल्याची फोडणी बसली. मी भिंतीला लागून बसलो आणि भाऊसो जेवतो का ते ऐकत राहिलो. तो जेवला. पुन्हा वाढून घेऊन जेवला.